रज्जाकमिस्त्रींची माफी

रज्जाकमिस्त्री दारात येऊन उभे राहिले, तेव्हा सुमनबाई तुरी पाखडत होती. मिस्त्री उद्या हजला निघणार होते. निघण्याआधी ज्याच्या-त्याच्याकडे जाऊन माफी मागायची असते. दुखावलेल्या माणसानं माफ केलं नाही, तर वरही माफी मिळत नाही. म्हणून सकाळपासून ते खजुरी गावात घरोघर फिरत होते. भीमनगरातलं हे शेवटचं घर.

"अक्का, कहासुना माफ करो."

शेजारच्या घरांतूनही तिला हेच ऐकू आलं होतं. प्रत्येकानं लगेच "माफ, माफ, आमच्यासाठी बी दुवा मागा" म्हणून टाकलं होतं.

सुमनबाईनं सूप खाली ठेवलं. या घराची मागची भिंत मिस्त्रींनीच बांधलेली. गेल्या पावसाळ्यात ती कोसळली, आणि तिच्याखाली सापडलेला तिच्या नवऱ्याचा, माणिकरावांचा पाय तेव्हापासून सरळ झाला नाही. मिस्त्री बघायलासुद्धा आले नव्हते.

"कशाची माफी, मिस्त्री?"

"सगळ्याचीच की."

"सगळ्याची कामून? एकाची मागा. नाव घिऊन मागा."

मिस्त्री हसले. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू मावळलं. टोपी काढली, परत घातली. भिंतीचं नुसतं नाव जरी त्यांनी काढलं असतं, तरी ती माफ म्हणणार होती. तेवढं तिचं कधीच ठरलं होतं.

"म्हंजे तुम्हाला ठावं हाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घरभरणीला तुम्ही मला पहिल्या पंगतीत बसवलं. पुरणाची पोळी वाढली, वर तूप. मी ताट घिऊन मागं गेलो अन् कुत्र्याला घातलं. तुमच्या घरचं म्हणून गळ्याखाली उतरंना. मनात घाण होती अक्का." त्यांचे डोळे भरून आले. "तवापासून हे घिऊन फिरायलोय. तेवढं माफ करा. न्हाईतर तिथं जाऊन काय उपेग?"

सुमनबाईला हे ठाऊकच नव्हतं. पोळी झकास झाली म्हणून मिस्त्री त्या दिवशी तोंडभरून बोलले होते, आणि ती ते कितीतरी दिवस लोकांना सांगत होती.

भिंतीचं विचारावं, असं ओठावर आलं. पण समोरचा माणूस रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. तिच्याजवळ जी माफी तयार होती ती कुणी मागत नव्हतं. जी मिस्त्री मागत होते, ती तिला आत्ता उभ्याउभ्या शोधायची होती.

"माफ," ती म्हणाली. कशाला म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

मिस्त्रींनी हात छातीशी नेला आणि मोकळे होऊन निघाले.

आतून बाजेवरून माणिकरावांनी विचारलं, "कशाची माफी मागायलता गं? पायाची?"

"न्हाई. घरभरणीला जेवला न्हवता म्हणं आपल्यात. ताट कुत्र्याला घातलं म्हणं."

माणिकरावांनी आखडलेला पाय हातानं धरून जरा सरकवला.

"मग आज जेवून जा म्हणायचं हुतंस," ते म्हणाले.