पश्चिमेची नववी टीम

हे लिहायचंच नाही, असं यतीनने जवळजवळ ठरवलं होतं. ह्यात तो चांगला दिसत नाही, एवढंच कारण.

रविवारी सकाळी मिशिगनमधल्या ट्रॉयला हेमचंद्रकाकांच्या टीव्हीवर नकाशा लागला होता. कॉलेज फुटबॉलची तिथली कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या चौदा युनिव्हर्सिटींचा गट, पुढच्या वर्षीपासून अठरांचा होणार. नव्या चारही टीम पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या. नऊ ईस्टमध्ये, नऊ वेस्टमध्ये. मधली निळी रेघ मिशिगनपाशी येऊन एका टीमला वळसा घालत होती.

"ही रेघ कोणी काढलीये माहितीये का?" काका नीलाकाकूंना म्हणाले. "ह्याने. कॉलेज अर्धवट सोडलं, घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकला, आणि आता अमेरिकेची फाळणी करतोय."

"मी नाही काका, सॉफ्टवेअरने," यतीन म्हणाला.

"काढलीस ती वाकडीच काढलीस पण. मला विचारायचंस. बस जाईल तिथवर डिव्हिजन. पोरं सकाळी निघाली की रात्री आपापल्या गादीवर झोपली पाहिजेत. ही मिशिगनची टीम उचलून ओरेगॉनच्या पंगतीला कशाला बसवलीस?"

"वेस्टला एक कमी पडत होती."

"मग हीच का?"

यतीनने थालीपीठाचा तुकडा तोडला आणि लोण्यात बुडवून ठेवला. गट पाडायचं काम यतीनच्या कंपनीकडे होतं. टीव्हीवाल्यांना मोठी नावं ईस्टमध्ये एकत्र हवी होती. ही टीम दरवर्षी हरते, कुठेही ढकला, कोणी ओरडणार नाही, असं बॉस म्हणाला होता. यतीनने ढकलली. ढकलताना सेकंदभर हिमानी डोक्यात आली होती. ती त्याच युनिव्हर्सिटीत. पण ती खेळते व्हॉलीबॉल, तिचा फुटबॉलशी काय संबंध, असं म्हणून त्याने एंटर दाबलं होतं.

हिमानी, काकांची मुलगी. रविवारच्या मराठी शाळेत दोघं एका बाकावर बसून एकाच वहीतून चुकीचे पाढे उतरवायचे. आज ती धुवायचे कपडे घेऊन घरी आली होती. टेबलाच्या टोकाला बसून फोन बघत होती. थालीपीठाला तिने हात लावला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "इट्स फॉर ऑल स्पोर्ट्स."

"म्हणजे?"

"कोचचा मेसेज आलाय. फुटबॉलची डिव्हिजन तीच सगळ्या खेळांना. फुटबॉलवाले वर्षातनं दोनदा जातील तिकडे, स्पेशल विमानाने. आम्ही बुधवारी जायचं. सहा बुधवार. परत यायचं गुरुवारी संध्याकाळी."

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

गुरुवारी दुपारी तिची लॅब असते. पुढच्या वर्षीही गुरुवारीच. हिमानीला मेडिकलला जायचंय. तिने टीममध्ये नाव घातलं तेव्हाच काकांनी अट घातली होती. खुशाल खेळ, पण एक लॅब बुडाली की व्हॉलीबॉल बंद. तीन वर्षांत एकही बुडाली नव्हती. एकदा तर बोटाला पट्टी बांधून गेली होती.

"निघेल काहीतरी मार्ग," काकू म्हणाल्या.

"ठरलं ते ठरलं," काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "तूच कबूल केलं होतंस बेटा."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

तिने ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं आणि लाँड्री रूममध्ये निघून गेली. काका यतीनकडे बघत होते. रागाने नाही. काहीतरी विचारायचंय आणि विचारावंसं वाटत नाही, तसं. यतीन उठला आणि तिच्या मागे गेला.

ड्रायर फिरत होता. ती टीमच्या जर्सीची घडी घालत होती.

"हिमानी, ती टीम मी निवडली."

"सॉफ्टवेअरने ना?"

"नाही. तीन टीम होत्या निवडायला. तुमची मी वेस्टमध्ये टाकली." त्याने दाराची कड धरली. "शीटमध्ये बाकीच्या खेळांचा कॉलम होता. बसचा वेळ, बुडणारे क्लास, सगळं होतं. त्याने प्रोग्रॅम स्लो चालत होता. मी बंद केला."

"किती स्लो?"

"वीस मिनिटं."

तिने घडी मोडली. पुन्हा घातली.

"आणि चालू ठेवला असतास तर?"

तो गप्प राहिला असता तर चाललं असतं. तिला कधी कळलं नसतं.

"सकाळी इथे यायच्या आधी राहवलं नाही, करून बघितलं. तुम्ही ईस्टमध्येच राहता."

ड्रायर थांबला. आतलं एक बटण अजून टकटक करत होतं, तेही थांबलं.

"मी उद्या बॉसशी बोलतो."

"नको यार. टीव्हीवर दाखवून झालंय. आता तुझा बॉस काय त्या चार युनिव्हर्सिटी परत पाठवणारे?" तिने ड्रायरचं दार उघडलं आणि गरम कपडे कवेत घेतले. "यतीन, तू मला खेळताना कधी बघितलंयस?"

तो आठवायला लागला. काकांबरोबर फुटबॉलच्या मॅच अकरा झाल्या होत्या. थंडीत, पावसात, एकदा बर्फात.

"नाही," तो म्हणाला.

"तीन वर्षांत एकदाही नाही."

"तुझी मॅच असायची तेव्हा काकांकडे तिकिटं असायची."

"हो, माहितीये." ती हसली, पण त्याच्याकडे बघून नाही. "एकवीस नोव्हेंबरला आमची ह्या वर्षीची शेवटची होम मॅच आहे. माझी तर कायमचीच शेवटची. ये. आणि फोन काढायचा नाही, मध्येच उठायचं नाही."

"येईन," यतीन म्हणाला. "पहिल्या सर्व्हला खुर्चीत असेन. दिवे बंद करायला माणूस आला की मगच उठेन."