उभ्यानं तापणारी गाडी

काटा लाल रेषेला टेकला तरी रेडिएटरचा पंखा ढिम्म हलला नाही. मिस्त्रीनं इंजिन बंद केलं आणि गाडीच्या मालकाकडे पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, खिशाला पेन. असल्या माणसांची त्याला शिसारी यायची. स्वतःला साधं चाक बदलता येत नाही आणि गॅरेजात येऊन रोगाचं निदान हेच सांगणार.

गाडी हायवेवर तापते, असं मालकाचं म्हणणं होतं. रोज ऑफिसला चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, आणि वेग वाढला की काटा चढतो. आधीच्या गॅरेजवाल्यानं हे खरं मानून रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला. गाडी तापायची ती तापतच राहिली. मिस्त्रीच्या मते तो गॅरेजवाला गाढव होता, कारण त्यानं गिऱ्हाइकावर विश्वास ठेवला.

मिस्त्रीला त्या गल्लीत सगळे वकील म्हणत. गिऱ्हाईक तोंड उघडतं ते थापा मारायलाच, असं त्याचं ठाम मत होतं. क्लच जाळून आणणारा म्हणतो, आपोआप जळला. वर्षभर ऑइल न बदलणारा म्हणतो, परवाच बदललं. म्हणून दुरुस्ती झाली तरी वकील लगेच किल्ली देत नसे. बाकावरच्या चार लोकांसमोर आधी उलटतपासणी व्हायची, गिऱ्हाइकाचं पितळ उघडं पडायचं आणि मग किल्ली मिळायची. लोकांनाही हा तमाशा आवडायचा. काही जण तर गाडी नसतानाही येऊन बसत.

आज बाकावर मालकाची बायकोही होती. तिला वाटेत बहिणीकडे सोडून तो पुढे ऑफिसला जाणार होता. त्याचा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन ती मुकाट बसली होती.

इंजिन निवल्यावर वकिलानं मालकाला शेजारी बसवून गाडी मोठ्या रस्त्यावर वीस मिनिटं दामटली. काटा मध्यावरून हलला नाही. पळत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. पंखा लागतो तो उभ्या गाडीला. म्हणजे ही गाडी पळताना नाही, उभ्यानं तापत होती. त्यानं तसं बोलून दाखवलं. मालकाचा चेहरा उतरला. पंखा गेला असेल तर पंखा बदला, बाकीची चौकशी कशाला, असं तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, आणि गॅरेजात बायको बसलीय, तिच्यासमोर काही नको, असंही हळूच म्हणाला. वकिलाला त्याची कीव आली नाही. उलट हुरूपच आला.

गॅरेजात परत आल्यावर त्यानं पंख्याची मोटर उघडली. फिरताना घासले जाणारे आतले कार्बनचे तुकडे पार झिजून गेले होते. गाडी उभी करून, एसी लावून, दिवसच्या दिवस पंखा फिरवल्याशिवाय ते असे झिजत नाहीत. त्यानं नवी मोटर बसवली आणि इंजिन चालू ठेवलं. काटा मध्याच्या वर सरकला, पंखा घरघरला, काटा मागे आला. काम संपलं होतं. किल्ली मात्र वकिलानं मुठीतच ठेवली.

"दारावर ऑइल बदलल्याची चिठ्ठी आहे, तीन महिन्यांपूर्वीची, किलोमीटरचा आकडा लिहिलेली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तेव्हापासून गाडी चाललीय साडेआठशे किलोमीटर. रोजचे ऐंशी धरले तर अकरा दिवसांत संपले. मग साहेब, बाकीचे दिवस एसी लावून कुठे उभे असता?"

बाकावर खसखस पिकली. कुणीतरी डोळा मारून म्हणालं, कुठे म्हणजे काय, कुणाच्या तरी दाराशी. मालक आपल्या चकचकीत बुटांकडे बघतच म्हणाला,

"तळ्याकाठी. नोकरी तीन महिन्यांपूर्वीच गेली."

मालक बायकोकडे न बघता बाहेर फुटपाथवर जाऊन पाठमोरा उभा राहिला. वकिलाला जरा चुकल्यासारखं झालं, पण ते त्यानं लगेच झटकलं. आपण काय खोटं बोललो? खोटं तर तो बोलत होता, तेही घरच्या माणसाशी. बाईचे डोळे उघडले हे बरंच झालं, आता ती नवऱ्याचे वाभाडे काढेल, असं वाटून त्यानं किल्ली तिच्यापुढे धरली.

ती उठली. डबा काखेत घेऊन तिनं किल्ली घेतली. आजवर तो सगळ्या गिऱ्हाइकांकडे जसा बघत आला होता, तशीच ती त्याच्याकडे बघत होती.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "तरी रोज डबा भरून देत होते. आता उद्या सकाळी त्यांनी घराबाहेर कशासाठी पडायचं, तेवढं तुम्ही सांगा."