पडलेल्याला न मारणारा राक्षस

पडद्यावरच्या राक्षसाने घणाचा तडाखा दिला आणि खेळणाऱ्याचा शिपाई जमिनीवर आडवा झाला. राक्षस दोन पावलं मागे सरकला. घण खाली टेकवला, शिरस्त्राणाखाली बोटं घालून मान खाजवली आणि वाट बघत उभा राहिला.

"हे बघ, हेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाला. "समोरचा पडलाय आणि हा मान खाजवतोय. राक्षस आहे की बसची वाट बघणारा कारकून?"

खोलीतले सगळे हसले. ती हसली नाही. गेममधल्या लढाया रचणं हे तिचं काम. वार कुठून यायचा, किती जोरात, चुकला तर मारणाऱ्याने किती अडखळायचं, हे सगळं ती ठरवायची. या राक्षसासाठी तिने ऑफिसच्या पॅसेजमध्ये फरशी पुसायचा दांडा फिरवत इतक्या उड्या मारल्या होत्या, की सफाईवाल्या मावशी दांडा कुलपात ठेवायला लागल्या होत्या.

"पडलेल्याला तो मारत नाही," ती म्हणाली. "त्यावरूनच तर तो कोण आहे ते कळतं. नाहीतर लढाई ठेवायचीच कशाला? नुसती बटणं दाबायला?"

"अगं, खेळणाऱ्याला त्याच्याशी सोयरीक जुळवायची नाहीये! त्याला हरवून पुढच्या दारातून जायचंय. लढाई थंड पडली की माणूस कंट्रोलर ठेवतो आणि फ्रिज उघडतो."

मास्तर तिचा वरिष्ठ. सगळ्यांच्या कामावर लाल खुणा करायचा म्हणून हे नाव पडलं होतं, आणि मनातून त्यालाही ते आवडायचं. माणूस वाईट नव्हता. वाद मिटला नाही की नवख्याला बसवायचं, ही पद्धत त्यानेच पाडली होती. जन्मात गेम न खेळलेला, कोणाच्या तरी घरचा माणूस आणायचा. तो लढत राहिला तर लढाई पास. मध्येच थांबला तर नापास, आणि मग त्यावर हुज्जत नाही.

ती बाबांना घेऊन आली होती, आणि अगदी निर्धास्त होती. लढण्याच्या बाबतीत बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारी, रिक्षावाले, बँकेतला शिपाई, कोणीही त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. दादाही नाही. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं बाबा रागाच्या भरात बोलून गेले आणि दादाने ते शब्दशः पाळलं. त्यानंतर ना फोन, ना पत्ता. घरात त्याचं नाव निघत नसे.

तिला त्याची फार आठवण यायची. लहानपणी उशांनी मारामारी करताना ती पडली की दादा असाच मागे सरकायचा आणि मान खाजवत थांबायचा. हा गेम कुठे कुठे जाईल, असं तिच्या मनात यायचं. दादा असेल तिथेही जाईल. तो खेळायला बसेल, पडेल, समोरचा मागे सरकेल, आणि दादाला कळेल की आपली कोणीतरी वाट बघतंय. वेडेपणाच होता. पण त्याला गाठायचा दुसरा रस्ता तिच्याकडे नव्हता.

बाबांनी कंट्रोलर गरम भांडं धरावं तसा धरला. पहिला तडाखा बसताच ते भडकले.

"आगाऊ कुठला! थांब, दाखवतो तुला!"

दिसेल ते बटण दाबत त्यांनी शिपायाला पुढे घुसवलं. दोन वार हवेत गेले, तिसरा राक्षसाच्या गुडघ्यावर बसला. मास्तरने मान डोलावली. तिचा जीव भांड्यात पडला.

मग शिपाई कोसळला. राक्षस मागे सरकला, घण टेकवला, मान खाजवली.

शिपाई उठून उभा राहिला. बाबांचा अंगठा मात्र बटणावरून उचलला गेला होता.

"काका, मारा आता," मास्तर म्हणाला. "मोकळा आहे तो."

बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू पडलीस की भोकाड पसरायचीस. आणि तो असा उभा राहायचा."

"तुम्ही तर पेपर वाचत असायचात, बाबा."

"पेपर कसला वाचतोय."

मास्तरने थोडा वेळ वाट पाहिली. त्याने पुन्हा एकदा "काका" अशी हाक मारून बघितली, मग तिच्याजवळ येऊन आवाज खाली केला. "थांबले गं ते. नापास. उद्या ते मागे सरकणं काढून टाक."

नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. तिने मान हलवली आणि बाबांच्या हातून कंट्रोलर घ्यायला पुढे झाली.

बाबांनी तो सोडला नाही.

"मी मारलं नाही, तर हा निघून जातो का?"

"नाही, बाबा. तुम्ही मारेपर्यंत तो तिथेच उभा असतो."

बाबांनी कंट्रोलर अलगद मांडीवर ठेवला, एकाही बटणाला बोट लागणार नाही असा. मग खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मग बसतो मी थोडा वेळ," ते म्हणाले.