एका टिंबाचा फरक

रहमत हुसेन यांच्या हेरकथा सगळी कराची वाचायची. त्यांचा मेजर ताबिश शत्रूच्या गोटात शिरून शत्रूचाच चहा पिऊन यायचा. रहमतसाहेब आजारी पडले, तसा कुणी ‘जहमत हुसेन’ उपटला आणि मेजर ताबिशच्या कादंबऱ्या परस्पर काढू लागला. उर्दूत दोन्ही नावांत फरक फक्त एका टिंबाचा. टिंब नसलं की रहमत, म्हणजे कृपा. दिलं की जहमत, म्हणजे कटकट.

बरे होताच रहमतसाहेब नव्या कादंबरीचा गठ्ठा घेऊन शकूरभाईच्या पुस्तकांच्या दुकानी थडकले.

"फेक त्या चोराची पुस्तकं! अस्सल माल आणलाय."

शकूरभाईने मुखपृष्ठ निरखलं. "रागावू नका साहेब, पण गिऱ्हाईक आता टिंब बघून घेतं. काल एकजण तुमचं जुनं पुस्तक परत देऊन गेला. म्हणाला, हा कुणीतरी नकल्या दिसतोय, याच्या मेजरला धड विनोदही जमत नाही."

रहमतसाहेबांनी गठ्ठा पुन्हा स्वतःकडे ओढला.



मग हळूच म्हणाले, "शकूर, पेन दे जरा. एक टिंबच द्यायचंय ना?"