तिसरी शिळा

आम्ही अमेरिकेतल्या बॅरी गावचे पाथरवट. कोरण्याआधी ग्रॅनाइटच्या प्रत्येक शिळेवर हातोडी मारून बघतो. घंटेसारखी वाजली तर निर्दोष, बद्द वाजली तर आत चीर.

त्या सकाळी कारखान्याच्या मालकाने, व्हिटकॉमने, नव्या विधानभवनाच्या खांबांसाठी तीन शिळा आणवल्या. पहिलीवर मी हातोडी मारली. शिळा खोकली.

सगळे थिजले. तो आमच्यातल्या बात्तिस्ताचा खोकला होता. धूळ ओढणारे पंखे बसवा म्हणून तीन वर्षं विनवण्या करून तो मार्चमध्ये मेला, छातीत धूळ भरून.

"बघतोस काय? दुसरी ठोक!" व्हिटकॉम खेकसला.

दुसरी एल्विरोसारखी खोकली. त्याला पुरून आठवडाही झाला नव्हता.

"सोंगं पुरे झाली तुमची! पंखे मिळणार नाहीत म्हणजे नाहीत."

माझं डोकं फिरलं. तिसरीवर सगळा जोर काढून हातोडी हाणली. खोल, घरघरता खोकला आला. आमच्यातल्या कुणाचाच नव्हता तो.

व्हिटकॉम हसायला गेला आणि त्याला ढास लागली. खोल, घरघरती. हुबेहूब तीच.

मी हातोडी पुन्हा उचलली.

"नको रे," तो म्हणाला. "हात जोडतो."

बात्तिस्तानेही जोडले होते.

मी हातोडी मारली.