चकचकीत दस्ता

ऑर्विलच्या जुन्या एकगोळी रायफलीवर क्लाइडचा वीस वर्षं डोळा होता. मोंटानात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. गेल्या महिन्यात ऑर्विल अचानक गेला आणि त्याच्या बायकोनं, डोरीननं, आपण होऊन क्लाइडला बोलावलं. रायफल हातात घेताच त्याचा चेहरा पडला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घासूनपुसून नव्यासारखा चकचकीत केलेला!

"अगं डोरीन, शंभर वर्षांचा रंग उतरवलास की! एवढ्या वर्षांत ऑर्विलकडून काहीच शिकली नाहीस? जुनी रायफल सापडेल तशीच ठेवायची असते. तिला फडकंसुद्धा लावायचं नसतं."

 

"मला ती ऑर्विलच्या शेजारी पडलेली सापडली, क्लाइड," डोरीन म्हणाली. "लेक घरी यायच्या आत पुसावीच लागली."