दारातलं अक्षर

डॉक्टरांनी आज चिठ्ठीच लिहिली नाही. "आता डोळ्यांत थेंब घालून काही उपयोग नाही," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. औषधासाठी आणलेले साठ रुपये महानंदाच्या पिशवीत तसेच राहिले.

रस्त्यावर आल्यावर गुरुपादप्पा म्हणाले, "संगप्पाच्या दुकानाकडं चल."

तीस वर्षं त्यांनी उदगीरच्या एसटीत कंडक्टरकी केली आणि तीस वर्षं जुनी नाणी जमवली. महानंदाला त्या नादाचं कधी कौतुक वाटलं नव्हतं. आज मात्र ती नवऱ्याचा हात धरून गंजगोलाईच्या बाजाराकडं निघाली. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. नव्या रस्त्यांसाठी जुने उकरून ठेवले होते, आणि टँकर यायच्या आधीच घागरींची रांग पार चौकापर्यंत आली होती. "खड्डा हाय," ती म्हणायची. "आता घागरी हायत, अशा बाजूनं या."

संगप्पा चांदीचा व्यापारी. त्यानं हात जोडले. "शरणार्थ, मास्तर. काय पाहिजे?"

"निजामाचा रुपया. चारमिनारचा. साठात बसला पाहिजे, पण माल चांगला पाहिजे."

"मग बरोब्बर वक्ताला आलात. यंदा दुष्काळानं लई रुपये. गावागावातून येऊन राहिलेत." त्यानं सतरंजीवर थैली उपडी केली. "सरात ओवायला कडी डाकलेले, ते वजनावर वितळायला मुशीत जातात. बिनकडीचा कोणता पाहिजे तो निवडा."

गुरुपादप्पांनी एक रुपया उचलून डोळ्याशी नेला. डाव्या, मग उजव्या. हळूच खाली ठेवला.

"महानंदा, तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मी सांगतो की. लई चकाकतंय ते टाक, ते चिंचेनं घासलेलं असतंय. काठ झिजलाय ते टाक. कडी लावलेलं तर टाकच. चारमिनारच्या दारात एक अक्षर असतंय. ते उठून दिसलं पाहिजे."

ती मांडी घालून बसली. एकेक रुपया उचलायची, उजेडाकडं धरायची, बाजूला टाकायची. कड्याच कड्या. काहींच्या कड्या तोडलेल्या, तिथं काळपट डाग राहिलेला. एका कडीत तांबड्या दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला होता, मानेच्या घामानं तेलकट झालेला. तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"कडी हाय."

"टाक."

तिनं टाकला. टाकलेल्यांचा ढीग तिच्या गुडघ्याला टेकला. शेवटी एकच रुपया तिच्या हातात राहिला. थोडा काळवंडलेला, पण काठावरच्या रेघा जशाच्या तशा.

"अक्षर?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"हाय. पण ते तुमचं उर्दू. मला कसं सांगता येणार?"

मग तिनंच त्यांचा तळवा ओढून घेतला आणि त्यावर बोटानं गिरवलं. "असं. आपल्या सहाच्या आकड्यावानी."

"ऐन," ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "ऐन. तिसरीत मौलवीसाहेबांनी पाटीवर गिरवून घेतला होता." मग त्यांनी रुपया फरशीवर टाकून आवाज ऐकला आणि मान हलवली. "लई बारीक काम असतंय त्या दाराचं. नीट दिसलं ना तुला?"

"हाव. दिसलं."

संगप्पानं सत्तर सांगितले. मग गुरुपादप्पांच्या डोळ्यांकडं बघितलं आणि साठच घेतले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पायरीवर उभं राहून गुरुपादप्पांनी रुपया अगदी पापणीला टेकवला. फिरवला. पुन्हा टेकवला.

"उजेड लई हाय," ते म्हणाले आणि त्यांनी मूठ मिटली.

तेवढ्यात एक म्हातारी पायरीशी येऊन थांबली. गुडघ्यापर्यंत धूळ, ओठ सुकलेले. एसटीला पैसे नसावेत, चालतच आली असावी. "बाई, चांदी हितंच घेत्यात का?"

"हाव, हितंच." महानंदा पुढं निघाली, मग थांबली. "मावशे, एखादा बिनकडीचा असंल तर वजनावर देऊ नका. त्याला येगळा भाव हाय."

म्हातारीला ते नीट कळलं नाही. तिनं पदराची गाठ सोडून ओंजळ पुढं केली. सरातून नुकतेच सुटे केलेले अकरा रुपये. महानंदानं एकेक उलटून बघितला, अगदी शेवटचासुद्धा. सगळ्यांना कड्या.

"कोण हाय गं?" गुरुपादप्पांनी विचारलं. "काय दाखवून राहिली ती? चारमिनारचे हायत का?"

महानंदानं म्हातारीची बोटं रुपयांवर मिटवली.

"काही न्हाई," ती म्हणाली. "चला. गाडी जाईल."

म्हातारीनं गाठ पुन्हा बांधली, पायरीखाली वहाणा काढून ठेवल्या आणि ती दुकानात गेली.